शुकचैतन्यखंडन

स्वस्ति श्री. घाटंजीनगरीचे अघोषित भूषण, व्याकरणकेसरी, तर्ककर्कश, अपभ्रंशांचे आजन्म शत्रू, माध्यमिक शाळेत संस्कृतचे (व विद्यार्थ्यांअभावी सध्या कवायतीचेही) अध्यापक, वाचनालयाच्या कार्यवाहपदाचे चिरंतन पराभूत उमेदवार श्रीमान बाबाराव यांची ही दैनंदिनी. इतरांनी वाचू नये. वाचल्यास कळणार नाही.

१२ नोव्हेंबर २००५
शेजारचे गादीवाले रहेमानभाई मुलीच्या, म्हणजे अस्माच्या, बाळंतपणासाठी उमरखेडला गेले. जाताना त्यांचा पोपट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात टांगून गेले. नाव मुन्शी. मला विचारले नाही. सौ. विमलचे म्हणणे, तिने मला विचारले होते आणि मी होकार दिला होता. असंभव.

१४ नोव्हेंबर
मला पाहताच हा पक्षी मान तिरपी करून एक डोळा मिटतो. विद्वानाकडे पाहण्याची ही रीत नव्हे. मिरचीची देठे नेमकी माझ्या चपलेत टाकतो. सौ. म्हणते, त्याला सगळे समजते. मी सप्रमाण सांगितले की शुकापाशी ध्वनी आहे, अर्थ नाही. जिव्हा आहे, चैतन्य नाही. यावर ती म्हणाली, "निदान तो माह्याकडं पाहून तरी बोलते." या घरात तिचे कोणी ऐकत नाही, आणि असेच चालले तर ती ढाणकीला भावाकडे जाऊन राहील, असेही म्हणाली. दर हिवाळ्यात म्हणते.
संकल्प : या विषयावर जाहीर व्याख्यान. शीर्षक 'शुकचैतन्यखंडन'. अनेक खंड योजले आहेत. उद्यापासून लेखन.

१७ नोव्हेंबर
लेखन नाही. कारण तो पक्षी.
त्याने नवे वाक्य उचलले आहे : "हौ, आयकून राह्यलो." आवाज पुरुषी, नाकातला, कंटाळलेला. सौ. हसता हसता खाली बसली. म्हणे, हुबेहूब तुमचा आवाज. मी जन्मात असा अपभ्रंश उच्चारलेला नाही. मी 'श्रवण करीत आहे' असे म्हणतो. हे रहेमानभाईंच्या दुकानातले संस्कार. (रहेमानभाई हिंदी बोलतात, हे सौ.ने दाखवून दिले. मुद्दा गौण.)

२० नोव्हेंबर
वाचनालयाने सभागृह नाकारले. मत्सर. आमच्या गल्लीतले कापूस पिकवणारे शेतकरी भगवानराव यांनी त्यांची बैठकीची खोली देऊ केली. भाव चढेल या आशेने त्यांनी तीत खिडकीपर्यंत कापूस भरून ठेवला आहे. उरलेल्या जागेत ज्ञान मावेल.

२४ नोव्हेंबर, रात्री ९
व्याख्यान संपन्न. अपूर्व यश.
मंडळी कापसाला टेकून बसली. माझ्या दुसऱ्या वाक्यापासून सभा चिंतनात बुडाली. कोणी मान खाजवी, कोणी पाठ; एक वृद्ध गृहस्थ तर दोन्ही हातांनी पोटऱ्या. एवढी बौद्धिक अस्वस्थता मी शाळेत कधी पाहिली नाही. (भगवानराव याला साठवलेल्या कापसाची खाज म्हणतात. अज्ञान.)
भगवानरावांनी मध्येच शंका काढली. "सर, अर्थ न समजता दरसाल एकच वाक्य बोलते तो पोपट ना? मंग 'कापसाले भाव देऊ' म्हणणारे कोण?" विषयांतर म्हणून मी ती फेटाळली.
नंतर मुन्शीची जाहीर परीक्षा. आत्मा म्हणजे काय, काल म्हणजे काय, तू कोण, असे क्रमाने विचारले. प्रत्येकाला उत्तर एकच : "हौ, आयकून राह्यलो." सिद्धांत निर्विवाद सिद्ध. मागून कोणी म्हणाले, "सर, हा तं तुमच्यापेक्षा जास्त तुमच्यासारखं बोलते." टाळ्या झाल्या. कोणाला, याचा निर्णय राखून ठेवला आहे.
दाराशी बसलेली सौ. तेवढी हसली नाही. खाजवतही नव्हती. बहुधा विषय पेलला नाही.

२७ नोव्हेंबर
विचित्र प्रसंग. मी न्हाणीतून बाहेर आलो तर सौ. भाकरी थांबवून उभी. ती म्हणाली, "तुमी पेपर वाचून राह्यले असं समजून मी केव्हाची बोलून राह्यली. हौ-हौ म्हणे तो मुन्शी. अन् मले फरकच नाही समजला." मग शांतपणे विचारले, "तुमच्यात अन् त्याच्यात काय फरक हाये, ते सांगा. तेवढंच सांगा."
प्रश्न मूलगामी. संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. संध्याकाळी तिने विचारले नाही. शुभलक्षण.

३० नोव्हेंबर
सकाळी सौ. स्वयंपाकघरातून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी अग्रलेख वाचत असूनही योग्य त्या ठिकाणी आदरपूर्वक अनुमती देत होतो. नंतर दाराची कडी वाजली. मग अपूर्व शांतता. व्याख्यानाचा नवा खंड सुचला.

१ डिसेंबर
सौ. काल रात्रीही घरी आली नाही. भगवानरावांकडे चौकशी केली. ते म्हणाले, "विमलताई तं कालच्या गाडीनं ढाणकीले गेल्या. तुमाले दोनदा सांगून गेल्या म्हणे. तुमी दोन्ही खेपेस हौ म्हणले." परत कधी येणार, असे विचारले. "तेबी सांगतलं म्हणे."
म्हणजे ते ऐकणारा या घरात एकच उरला.
पिंजऱ्यासमोर पाट मांडून बसलो. हिरवी मिरची अर्पण केली. नम्रपणे विचारले, "मुन्शीजी, ती काय म्हणाली?" त्याने मान तिरपी केली, एक डोळा मिटला, आणि हुबेहूब विमलच्या आवाजात म्हणाला, "आयकता काय?"
माझ्या तोंडून तत्काळ जे उत्तर निघाले, ते १७ नोव्हेंबरच्या नोंदीतले; येथे पुन्हा लिहिण्याइतके शुद्ध नाही.
त्यावर तिच्याच आवाजात पुढे : "चहापत्ती डब्यात नाही, वरच्या..." आणि मिरची खाऊ लागला.
वरच्या कशात? वरच्या फळीवर साबुदाणा आहे. वरच्या कपाटात तिच्या साड्या असत, तेथे आता काहीच नाही. पुन्हा विचारले. तो म्हणाला, "हौ, आयकून राह्यलो."
हा ऐकत नाही. सायंकाळचे पाच वाजले. दूध उतू गेले आहे, आणि चहापत्ती कुठेही नाही.