डाव्या सीटची शिवण

३ मार्च, सोमवार

एका मिशीवाल्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या दोन सीटा आल्या. गाडी म्हणे शर्यतीची, जुनी, दोघांपुरतीच. इतकी बसकी की आत शिरताना पाय आधी की डोकं आधी, मला नसतं कळलं! सीटा आता आमच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर, पाहुण्यांसारख्या. नातीने गादीकामाचं दुकान घरातच थाटलंय, त्यातलं हे पहिलं मोठं काम. लाल चामडं, पन्नास वर्षांचं, माझ्या टाचांसारखं भेगाळलेलं. "नवं नको, हेच नीट करा, माझे वडील बसायचे यावर," मिशीवाले तीनदा सांगून गेले.

नात मला म्हणाली, "आजी, तू हात लावू नकोस हं."

मी कशाला लावू.

४ मार्च

डाव्या सीटच्या फटीत सापडलं — कंगवा, गोळीचा कागद आणि केसांचे दोन आकडे. वडिलांची गाडी म्हणे. आकडे मी आपले बाजूला ठेवले. आमच्या ह्यांची सायकल होती, तिच्यात काही सापडायची सोयच नव्हती.

६ मार्च

काय करून बसले मी. नात दोरा आणायला बाजारात गेली होती. डाव्या सीटची शिवण उसवलेली, वीतभर. तिच्या शेजारून चारदा गेले-आले. चाळीस वर्षं लोकांच्या लेकरांची झबली शिवली, टाका दिसेल तर शपथ. घेतली सुई. असा बारीक टाका घातला की माझी मीच बघत राहिले. मग म्हटलं, बसून बघू. बसले — चर्र. टाक्याटाक्यावर चामडं सरळ फाटलं, पोस्टाच्या तिकिटांचा कागद फाटतो तसं. दोरा उपसला, चहाच्या डब्यात लपवला.

नात आली, बघितलं, पिशवी तशीच खाली टाकली. "चामडं कुजलंय गं. मी नीट बघितलंच नाही."

मी म्हटलं, चहा ठेवू?

७ मार्च

तिने मिशीवाल्यांना फोन केला — डावी सीट नवीच करावी लागेल. पलीकडचा आवाज इतका चढला की मला ओट्यापाशी ऐकू आला. रविवारी टेम्पो घेऊन येणार, दोन्ही सीटा परत नेणार. "आता मला कोण काम देईल," नात म्हणाली. जेवली नाही. मीही नाही. झाडलेलं घर परत झाडलं.

दुपारी सांगितलं. डबाच पुढे ठेवला.

ती उठली. भिंग घेऊन फाटलेली कड बघत बसली. मग म्हणाली, "इतकं बारीक कोण घालतं, आजी. मला तेव्हाच कळायला हवं होतं." जुन्या चामड्यात नवं भोक पाडायचं नसतं म्हणे, जुन्या भोकांतूनच सुई न्यायची. आधी सांगायचंस ना, बये! "हात लावू नकोस, हे सांगितलं होतं." तेही खरंच.

परत फोन. "चामडं चांगलं आहे. माझ्या आजीने फाडलंय." माझ्यासमोर, अशी सरळ.  तिकडून एवढंच — "रविवारी येतोच आहे."

८ मार्च

मागून कापडाची पट्टी चिकटवली. फाटलेलं तिने जोडलं, भेगांत लेप भरला, वर रंग; उजवी अजून तशीच आहे. शिवण मात्र — डोळे तिचे, बोटं माझी. ती जुनं भोक दाखवते, मी सुई घालते. टाका बारीक व्हायला लागला की म्हणते, "थांब. श्वास घे. झबलं नाहीये हे." इतके लांब टाके आयुष्यात घातले नव्हते. लाज वाटत होती. आनंदही होत होता, खोटं कशाला लिहू. पण उद्याचा रविवार डोक्यातून जात नाही. सारखी उठते, सीटवरून हात फिरवून येते.

९ मार्च, रविवार

मिशीवाले डाव्या सीटवर बसले. मी केसांचे आकडे त्यांच्या हातात दिले, ते लगेच ओळखले — आईचे. मग फाटलेली जागा बोटाने शोधायला लागले. वरून खाली, खालून वर. सापडेना. नात मला डोळ्यांनी दटावत होती, गप्प राहा म्हणून.

मीच दाखवली.

टेम्पो रिकामा परत गेला.