बसमधला नमुना

४ ऑगस्ट, सोम.
स्टॅटच्या प्रोजेक्टचे विषय वाटले. माझ्या वाट्याला कॉलेजची बस. लासुर्ण्याकडच्या मुलांना ती सोयीची आहे का, एवढंच शोधायचं. त्यावरून दिवाळीनंतरचा मार्ग ठरणार म्हणे. बरंय, रोज त्याच बसनं बारामतीला जाते. आयतं काम.
कुदळे सर म्हणाले, नमुना नीट निवडा. मागून सच्या, "ह्यो काय, हितं बसलाय." बोट माझ्याकडं. हसू आलं नाही. थोडं आलं.

६, बुध.
बसमध्ये सगळ्यांना विचारलं. कॉलेज यायच्या आत उरकलं. जवळपास सगळेच 'सोयीची'. ड्रायव्हर तात्यांनी न विचारता मत दिलं, "कुणाचीबी तक्रार न्हाय बग."
स्तंभालेख काढला. एक खांब उंच, बाकीचे नुसते खुंटे. सुबक दिसतोय. सरांना देऊन टाकला.

८, शुक्र.
आई म्हणाली, वैशीला भेटून ये, पोरगी घरात बसून हाय. वैशाली, गेल्या वर्षापर्यंत माझ्याच बाकावर. जूनपासून बस त्यांच्या वस्तीवर जात नाही, फाट्यावरच थांबते. फाट्यापर्यंत उसातली वाट, सकाळचा अंधार. तिच्या वडलांनी कॉलेज बंद केलं.
जाईन रविवारी.

१०, रवि.
गेले. वै. लसूण सोलत होती. मी प्रोजेक्टचं कौतुक सांगत बसले.
"समद्यास्नी इचारलंस?"
बसमधल्या सगळ्यांना, म्हटलं.
"मी कुठं हाय बसमधी?"
रागानं नाही बोलली. लसूण सोलता सोलता. मला मात्र चहा गोड लागेना.
परत येताना ती वाट चालून बघितली. उजेडातसुद्धा मागं वळून बघावं लागतं. फार वाईट वाटलं.

११, सोम.
सरांना सांगितलं, बसमध्ये विचारलं म्हणून ज्यांना बस जमते तेवढेच सापडले. ज्यांची सुटली ते राहिलेच.
सर म्हणाले, "समष्टी कोण, म्हणजे मोजायचं कुणाकुणाला, ते आधी ठरवायचं असतं." आणि मग, "तुझा आलेख प्राचार्यांकडं गेला. आवडला त्यांना."
बुधवारी बसच्या मार्गाची मीटिंग. त्याआधी नवं आणलंस तर मांडतो, म्हणाले.

१२, मंगळ.
बस सोडली. वस्तीवर घरोघर. वै. बरोबर आली, दारं तिला माहीत. तिच्यासारख्या आणखी पोरी निघाल्या. एकीची आई म्हणाली, "आता इचारून काय. स्थळं बघाय लागलोय." तेही लिहून घेतलं.
नवा खांब सुबक नाही. संध्याकाळी आलेख सरांकडं पोचवला.

१३, बुध.
मीटिंग सुरू. सर आत, मी बाहेर बाकावर. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, कशावर कळलं नाही.
वै.चा फोन. "झालं का?"
अजून न्हाई.
"बरं. मी सॅक धुतलीया." लगेच म्हणाली, "मळली हुती म्हणून."