वारसाच्या आईची तजवीज

मी शिलुगेन, तुमोखानाचा मुलगा, हुलाई टोळीचा आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या (निदान चालतो असे म्हणणाऱ्या) पाच शियानपेई टोळ्यांचा खान, थोरल्या तळ्याकाठच्या हिवाळी तळावर, उघड्या आकाशाला साक्ष ठेवून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. लिहितो म्हणजे सांगतो. आम्हाला घोडा येतो, अक्षर येत नाही. म्हणून दक्षिणेचा कारकून श्यू पो समोर बसला आहे. माझे डोके शाबूत आहे की नाही अशी कुणाला शंका असल्यास त्याने कालची हकीकत विचारावी. वैद्याने आणलेला काढा मी आधी वैद्याला पाजला. वैद्य अजून झोपलेला आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्तीही नाही. जबरदस्ती करू शकणारे लोक मी हयातीतच पुरले आहेत, एक गृहस्थ सोडून. त्यांचा मान पुढे राखला आहे.

श्यू पोने वर "अश्रू ढाळीत" असे आपल्या मनाने घातले होते. ते खोडायला लावले आहे.

१. तटाच्या गावातला राजवाडा. खानाला पक्के छप्पर हवे, त्याशिवाय राज्याला शोभा नाही, असे दक्षिणेच्या शहाण्यांनी पटवले, म्हणून बांधला. पहिल्याच वसंतात छपरावरचे बर्फ वितळून माझ्या अंथरुणावर आले. तेव्हापासून मी राजवाड्याच्या अंगणात तंबू ठोकून राहतो, आणि परक्या राज्यांच्या वकिलांना ही आमची प्राचीन रीत असल्याचे सांगतो. त्यांनी ती लिहूनही घेतली. हा राजवाडा माझा मेहुणा दोलान यास देतो. तो हल्ली दक्षिणी थाटाचे लांब बाह्यांचे कपडे वापरतो आणि घोड्यावर चढताना स्वतःच्याच बाहीवर पाय देतो. त्याने घरात बसलेले सर्वांच्या हिताचे आहे. कुठे कुठे गळते ते त्याचे त्याने शोधावे.

२. माझे शिंगाचे धनुष्य मुलगी सुबेन हिला. ती दोन्ही भावांपेक्षा चांगला नेम मारते. हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून तर ते तिला शिकारीला नेत नाहीत. आता धनुष्य तिच्याकडे असेल. कोण कुणाला नेतो ते बघावे.

३. माझे पुरणे. रीतीप्रमाणे रिकामी पेटी वाजतगाजत एका टेकडीवर न्यावी आणि मला गुपचूप दुसरीकडे पुरून वर घोडे फिरवावेत. रडणाऱ्यांनी पेटीबरोबर जावे, म्हणजे मला शांतता मिळेल. आत्म्याला वाट दाखवायला मेलेल्याबरोबर त्याचा कुत्रा पाठवतात. माझा पाठवू नये. त्याला शेजारच्या तंबूतून आपला तंबू सापडत नाही. तो मला भलत्याच डोंगरावर नेऊन स्वतः झोपेल.

४. वारस. ज्यासाठी सगळे बाहेर थंडीत उभे आहेत ते कलम हे.

आमच्यात रूढी आहे की खानाने वारस जाहीर केला की वारसाच्या आईने त्याच संध्याकाळी विषाचा पांढरा पेला प्यायचा. पुढे आई आणि तिचे माहेर मिळून मुलाच्या नावाने राज्य करतील, ही भीती. भीती खोटी नाही. उपाय मात्र असा, की घरात उंदीर होतील म्हणून घर जाळावे. आणि गंमत पुढेच आहे. जन्म देणारीला मारून झाले की मुलाला सांभाळते दाई. मुलगा मोठा होऊन खान झाला की त्या दाईला राजमाता म्हणून गादीशेजारी बसवायचे, हीही रूढीच. दाईला माहेर नसते, असे आमच्या पूर्वजांना वाटत असावे.

मला वारस केले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आईला पेला नेऊन दिला तो दुगान टोळीच्या बोगुचेन यांनी. ते तेव्हा तरुण होते आणि रूढीचे नवे रखवालदार होते. परत येताना त्यांनी माझ्यासाठी गोड दही आणले. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या बुटांना मेंढीच्या चरबीचा वास यायचा, तो आठवतो. या वयातही कुणी बुटांना चरबी लावू लागले की मी तंबूबाहेर जातो. लोकांना वाटते, खानाला वास सोसत नाही. तसेच वाटू द्यावे.

पुढे मला सात माणसांनी काळ्या घोंगडीवर उचलून खान केले. एकाने कोपरा सोडला आणि मी पडलो. कोपरा सोडणारे गृहस्थ पुन्हा बोगुचेनच. काही वर्षांनी त्यांनी मला मुलगीही दिली, त्यामुळे आता ते माझे सासरे आहेत. माणसाने तरी किती उपकार घ्यावेत?

माझ्या तीन बायका. शुयान, उलाई आणि बोगुचेनांची नारान. आमच्यात राणी ठरते ती हाताने ओतलेल्या सोन्याच्या मूर्तीवरून. मूर्ती अखंड निघाली तर आकाशाची संमती. शुयानची अखंड निघाली. नारानची कमरेत तडकली. साचा ओला होता, असे सासरेबुवा अजून सांगतात, आणि हिवाळा आला की साचा दर वर्षी थोडा अधिक ओला होतो. उलाईच्या मूर्तीला नाकच आले नाही. म्हणून जी बाई दुष्काळात सबंध तळाला जगवू शकते ती राणीपदाला अपात्र ठरली, आणि शुयान राणी झाली. शुयान भली होती. मूल न होता तापाने गेली.

मुलगे दोन. उलाईचा तोबू आणि नारानचा खेरू. दुसऱ्या राज्यांत म्हणे राण्या आपापल्या मुलासाठी भांडतात. आमच्याकडे मी अंथरूण धरल्यापासून माणसे आपल्याच लेकराची निंदा करायला रांग लावून येतात. सासरेबुवा रोज येत.

"जावईबापू, खेरूचं नाव नका घेऊ हो. पोरगं कामातून गेलंय."

"परवा तर त्यानं लांडगा मारला म्हणे."

"म्हातारा होता लांडगा, आपल्या मरणानं मेला असेल. आणि पोरगं मेंढ्यांशी बोलतं बघा, तासन्‌तास."

"मीही बोलतो. दरबारापेक्षा बऱ्या आहेत."

"तुम्ही थट्टा करताय. माझी एकुलती एक लेक आहे हो ती."

माझी आईही कुणाची तरी लेक होती, हे मी त्यांना म्हटले नाही. त्यांचा आवाज खरोखर थरथरत होता, आणि थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला बोलण्याइतका मी अजून मोठा खान झालेलो नाही. इथे लिहून ठेवतो, तेवढे पुरे.

उलाई एकदाच आली. तोबू भित्रा आहे, उधळ्या आहे, दारू पितो, असे तिने भराभर सांगितले. मी विचारले, "सगळं खरं?"

"निम्मं खरं आहे."

"मरणाला घाबरतेस?"

"मी कशाला घाबरू? घोडीच्या लाथा खाऊन वाढलेली बाई मी. पण त्याला कळेल ना, की त्याच्यापायी गेली. तुम्ही जन्मभर तळमळत पडता ते मी बघते. माझ्या पोराला तसलं अंथरूण नको."

कुणालाच वारस केले नाही, तर माझा चुलतभाऊ येऊन दोन्ही मुलांचे गळे कापील. तो तसे मोकळेपणाने सांगतो. घराण्यातला एवढा एकच प्रामाणिक माणूस. आणि रूढी मोडली असे मी नुसते जाहीर केले तर माझे डोळे मिटायच्या आत पेला भरला जाईल. मेलेल्या खानाचा हुकूम आणि शिळे दूध, दोन्ही कुत्र्यापुढे जातात. सबब मी रूढी मोडत नाही. अक्षरशः पाळतो, ती अशी:

खानाच्या कुठल्याही तंबूत जन्मलेले मूल राणीने मागितले तर ते राणीचे, हीही आमचीच रूढी. शुयानने तोबूला मागून घेतले होते, असे मी जाहीर करतो. कधी मागितले, हे मला आत्ताच आठवले. सबब तोबू हा दिवंगत राणी शुयान हिचा मुलगा असून माझा वारस आहे. वारसाची आई आधीच वारलेली असल्याने रूढीचे काम परस्पर झाले. उलाई ही वारसाची दाई होय. खरे काय ते तळावरच्या शेळ्यांनाही माहीत आहे; पण माहीत असणे वेगळे आणि सभेत उठून म्हणणे वेगळे, यावरच तर आमचे राज्य चालते.

५. हरकत. वरील कलमावर आज किंवा पुढे कधीही, रूढीचे रखवालदार या नात्याने बोगुचेन यांनी हरकत घेतली, तर तोबूचा हक्क आपोआप जाऊन खेरू वारस होईल. मग खेरूच्या आईबाबत रूढी त्याच संध्याकाळी तंतोतंत पाळावी, आणि पेला नेण्याचा मान अनुभवी हातांकडेच, म्हणजे बोगुचेन यांच्याकडेच, राहावा. अंमलबजावणी बाकीच्या टोळ्यांनी करावी. सासरेबुवांवर त्यांचा इतका जीव आहे की ते आनंदाने करतील. येताना सासरेबुवांनी खेरूसाठी गोड दही आणावे.

६. हे मृत्युपत्र आज दुपारी टोळीप्रमुखांपुढे वाचले. पाचवे कलम संपल्यावर सासरेबुवांनी आपल्या हातांकडे बघितले. मग म्हणाले, "रूढीत बसतं."

"नीट बघा. साचा ओला नाही ना?"

"बसतं म्हटलं ना! काय जीव घ्याल का आता?"

रीतीप्रमाणे वारसाने सभेत आईचे नाव सांगायचे असते. श्यू पोने विचारले. तोबू उभा राहिला आणि उभाच राहिला. एकोणीस वर्षांचा दांडगा मुलगा. तोंड उघडी, मिटी. काल मी त्याला सगळे समजावले होते. त्याने मानही डोलावली होती. टोळीप्रमुख एकमेकांकडे बघू लागले. माझ्या छातीत जे दुखते ते तेव्हा दुखेनासे झाले, इतका मी घाबरलो. हे श्यू पोने लिहावे.

उलाई घोडीच्या दुधाचा बुधला घेऊन वाढायला उभी होती. आजवर तिने या मुलाला "गाढवा" याखेरीज हाक मारलेली मी ऐकली नाही. बुधला खाली ठेवून ती त्याच्यापुढे कमरेत वाकली, नोकर वाकतात तशी.

"बोला, युवराज," ती म्हणाली. "तुमच्या आईसाहेबांचं नाव सांगा. दाईपुढं कसली लाज?"

त्याने सांगितले. स्पष्ट सांगितले, मागच्या रांगेपर्यंत गेले. तिने बुधला उचलला आणि पुढच्या माणसाला वाढले. दूध बाहेर सांडले.

आता श्यू पोला "अश्रू ढाळीत" घालायचे असेल तर घालू दे. कुणाचे ते लिहू नये.

येणेप्रमाणे लिहून ठेवले, वाचून घेतले, बरोबर आहे. सापाचे वर्ष, दहावा महिना, थोरले तळे, पाणी गोठलेले.

शिलुगेन, खान. बोटाची निशाणी.

साक्षीदार:
बोगुचेन, दुगान टोळी, रूढीचे रखवालदार. हरकत नाही.
श्यू पो, कारकून. हस्ताक्षर माझे, शब्द खानांचे.

मान्य: तोबू, वारस. आईचे नाव: शुयान, दिवंगत.

वारसाला सही कुठे करायची ते दाखवण्यासाठी हात धरला: उलाई, दाई. निशाणी.