गावात वाहन नव्हतं

आप्पा, तुमच्या भाषणांचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा समितीचे प्राध्यापक माझ्याकडे आले. निवृत्त माणूस, सज्जन. म्हणाले, "ताई, संसदेतल्या जुन्या चर्चा आता इंटरनेटवर आहेत. साहेबांची सगळी भाषणं काढून आम्ही मराठीत आणलीत. प्रस्तावना मात्र लेकीनंच लिहायला पाहिजे." चहा घेऊन, कागदांचा गठ्ठा ठेवून ते गेले आणि मी वाचायला बसले. कापसाच्या भावावर तुम्ही बोललात, गोदावरीच्या पाण्यावर बोललात, रेल्वेच्या चर्चेत चुडाव्याच्या फलाटासाठी शेड मागितलीत. आरोग्य खात्यावरचं ते भाषण मधेच कुठंतरी होतं. प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, सर्वोत्तम. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावलेलं आता माझ्याशिवाय फारसं कुणी उरलेलं नाही. तेवढं काम मी करते.

मावशी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, कारण आईला आणि तिला माहेर असं उरलंच नव्हतं. तुमची पहिली निवडणूक होती. अंगणात प्रचाराची जीप, तिच्यावर भोंगा, घरात माणसांची ये-जा, आणि चुलीवरचं चहाचं पातेलं खाली उतरत नव्हतं. सकाळी सुईण आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाई. नांदेडला न्या." आई तुमच्यासमोर येऊन उभी राहते. तुम्ही आरशात बघून जाकिटाची बटणं लावताय. "जीप द्या," ती म्हणते. तुम्ही म्हणता, "जीप गंगाखेडला जायलीय. सभा हाय, माणसं येऊन बसली असतील. गाडी जुंपा. चुडाव्याला पॅसेंजर मिळंल." आई म्हणते, "आधी तिला टाकून या, मग जा सभेला." तुम्ही गड्याला हाक मारून बैल जुंपायला सांगितलंत.

गाडीत मावशीच्या पायाशी मी बसले होते, पाण्याचा तांब्या धरून. अर्ध्या वाटेत मागून तुमची जीप आली. भोंग्यावर गाणं चालू होतं. ड्रायव्हरनं वेग कमी केला, गाडीवानानं बैल बाजूला घेतले, आणि मला वाटलं, आप्पा आता उतरतील. तुम्ही ड्रायव्हरला नुसता हात पुढं केलात, चल म्हणून. धुरळा बसेपर्यंत आईनं पदर मावशीच्या तोंडावर धरला होता. चुडाव्याला पॅसेंजर उशिरा होती. स्टेशनमास्तरच्या बायकोनं फलाटावर लिंबाखाली चादर धरली, आणि तिथं मुलगी झाली. मुलगी रडली. मावशीचं रक्त थांबेना. गाडी यायच्या आधी ती गेली. जाताना आईला म्हणाली, "आक्का, लय तरास दिला गं तुला."

तुम्ही निवडून आलात. दिल्लीला निघायच्या आधी एका दुपारी तुम्ही मला खोलीत बोलावून जवळ बसवलंत. असं तुम्ही कधी केलं नव्हतं. "स्टेशनवर काय काय झालं, मला सांग," म्हणालात. मी सगळं सांगितलं. लिंब, चादर, मावशीचं शेवटचं बोलणं. मला वाटलं, तुम्हाला दुःख झालंय.

पुढच्या अधिवेशनानंतर तुम्ही छापील भाषण घेऊन आलात आणि अंगणात जमलेल्या माणसांना मराठी करून वाचून दाखवलंत. "अध्यक्ष महोदय, माझ्या भागातली एक अभागी स्त्री रेल्वेच्या फलाटावर बाळंत झाली आणि तिथंच मेली. गावात वाहन नव्हतं. मरताना तिनं सरकारला दोष दिला नाही. त्रास दिला म्हणून ती आपल्या बहिणीची माफी मागत होती." इथं सभागृहात बाकं वाजली होती, तेही तुम्ही सांगितलंत. एकानं उपरण्यानं डोळे पुसले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "आन् जीप?" एवढंच. तुम्ही हसलात आणि लोकांकडं बघून म्हणालात, "बायकांना संसदेतलं कळत नसतं." लोकही हसले. आईनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. त्यानंतर तुमच्या एकाही सभेला ती आली नाही, आणि लोक म्हणायचे, साहेबांच्या घरी राजकारणाची आवड नाही.

त्या भाषणामुळे तालुक्याला दवाखाना आला, हे खरं आहे. तो आला म्हणून तुमचं वाक्य खरं होत नाही.

मावशीच्या मुलीला आईनं वाढवलं. आमची धाकटी. तिचा तुमच्यावर केवढा जीव. तुम्ही तिला शिकवलंत, जिंतूरला नोकरीला लागेपर्यंत मागे उभे राहिलात. आता पुस्तकात ते भाषण येणार, तर तिला आधी खरं सांगायला हवं म्हणून मी जिंतूरला गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तुझी आई गेली त्या दिवशी..."

"जीप दारात होती," ती म्हणाली. "ठाऊक हाय मला. माझं लग्न ठरलं तेव्हा आपल्या आईनं सांगितलं."

"आणि तरी तू त्यांच्या पाया पडत राहिलीस?"

"पाया पडायचं सोडलं असतं, तर का सोडलं ते सांगावं लागलं असतं." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "भाषण छापू द्या त्यांना. पण माझी आई 'एक अभागी स्त्री' नव्हती. तिला नाव होतं. नाव टाका, आणि खाली टाका की जीप होती."

मी तशी तळटीप लिहून दिली. प्राध्यापकांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "ताई, ही टाकली तर समिती फुटेल. आणि ते भाषण म्हणजे साहेबांचा आत्मा आहे." मी म्हणाले, "मग आत्मा काढून टाका." मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी भाषणच काढलं. माझ्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक निघालं. परभणीच्या सभागृहात प्रकाशन झालं, तिथं तुमचं कापसाच्या भावावरचं भाषण मोठ्यानं वाचलं गेलं. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस झोपला होता. मला बरं वाटलं, आप्पा. लपवत नाही.

नंतर धाकटीचा फोन आला. "पुस्तकात न्हाई, तर तूच वाचून दाखव मला. मी ते कधी अख्खं ऐकलंच न्हाई." मी पुन्हा जिंतूरला गेले. 'अभागी स्त्री'च्या जागी मी मावशीचं नाव घेतलं. वाहनाच्या वाक्याला थांबले आणि म्हणाले, "जीप दारात होती." ती म्हणाली, "हं, वाच पुढं."

मी पुढं वाचलं. हे पत्र कुठं पाठवायचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला, जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबत गेला, आणि बहिणीची माफी मागण्याचं वाक्य संपल्यावर मी कागदावरून मान वर करून क्षणभर गप्प राहिले. बाकं वाजायची वाट बघत होते.