साडेसहा चंद्रांचा कॅमेरा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत, माझी मान सोडून. तिचं पुढे येईलच. तिकडेही सगळे बरे असतील असं धरून चालतो. आधी खालची यादी वाच, मग कारण सांगतो. सगळं माझ्या हातचं आहे.

आरसा, आठ इंच व्यासाचा, सव्वा इंच जाड. घासाई आणि पॉलिश मिळून नऊ महिने. नळी, प्लायवूडची, आठ बाजूंची, आतून काळी. आरशाची बैठक, तीन स्क्रूंवर तोललेली. छोटा आरसा धरणारा चार पायांचा कोळी, करवतीच्या पात्यांचा. खांब, साडेतीन फुटी, लोखंडी पाइपात काँक्रीट ओतून. दोन्ही अक्ष, भंगारातल्या बेअरिंगवर. फाइंडर, म्हणजे मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवरची छोटी, पन्नास मिलिमीटरची. भिंग एका मोडक्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीचं, बाकी नळी मी लेथवर काढलेली. पाटी, पितळी, अजून कोरी.

यादी मागितली डोंगरावरच्या हॉटेलच्या मालकांनी. त्यांना पाहुण्यांसाठी दुर्बीण हवी आहे, पण दुकानातली नको, 'एका माणसाने एकट्याने घडवलेली' हवी. खाली पाटी, पाटीवर माझं नाव. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. रक्कम बरी आहे. तुझ्या वहिनीच्या मते 'बरी' हा शब्द तोकडा पडतो. खांबाचे बोल्ट मी स्लॅबमधून आरपार घेतले होते, तिथून दर पावसाळ्यात गळतं. "यांच्या आकाशाचं पाणी माझ्या ओट्यावर पडतं," असं ती आल्यागेल्याला सांगते. दुर्बीण गेली की त्या पैशांत सगळी गच्ची नव्याने होईल, असं तिचं म्हणणं. त्यात मला चूक काढता आलेली नाही.

आता कामाचं. मानेतल्या दोन चकत्या झिजल्या आहेत. डॉक्टरांनी पट्टा दिला आहे. फाइंडरला डोळा लावायचा तर गुडघ्यांवर बसून मान मागे टाकावी लागते, ते बंद. यावर वहिनी म्हणाली, मान वाकवणं यांना कधीच जमत नव्हतं, डॉक्टरांनी आता त्याला नाव दिलं. तेव्हा फाइंडरमध्ये डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवायचा आणि खुर्चीत बसून पडद्यावर बघायचं, असं ठरवलं आहे. दुर्बीण विकली तरी हॉटेलच्या पाहुण्यांना पडदा लागेल, ठेवली तरी मला लागेल. तू दिवसभर मोटारींच्या मागे बसवायचे कॅमेरे तपासतेस म्हणून तुला विचारतो. एरवी मी कोणाला विचारत नाही, हे तुला माहीत आहे.

तीन पाहिले. पहिला, दारावर पाळतीसाठी लावतात तो. अंधार पडला की तो चित्रावर स्वतःच्या मनाने हात फिरवतो, बारीक ठिपका दिसला की घाण समजून पुसून टाकतो. तारा म्हणजे बारीक ठिपकाच. बाद. दुसऱ्याचा सेन्सर पावणेपाच मिलिमीटर रुंद. माझ्या भिंगाचं नाभीय अंतर दोनशे मिलिमीटर, म्हणजे चंद्राला चंद्र लावून ठेवले तर त्यात पावणेतीन मावतील. तिसरा खास आकाशासाठी केलेला, कृष्णधवल, सव्वाअकरा मिलिमीटर. त्यात साडेसहा चंद्र. किंमत चौपट.

फाइंडरचं काम रस्ता दाखवण्याचं, तेव्हा जास्त दिसलेलं चांगलं, एवढं मलाही कळतं. पण फाइंडर पिशवीत घालून दुकानात नेला होता, आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवरची वीज पकडायची सळई दोन्ही कॅमेऱ्यांतून पाहिली. छोट्याचं चित्र नेटकं वाटलं. मोठ्यात कडा गबाळ्या दिसतात. दोष त्या मोठ्या सेन्सरचा असावा. तुझं मत कळव. चार ओळी पुरेत.

तुझा थोरला भाऊ

---

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. चार ओळी मागितल्या, तीन आल्या. 'मोठा घे. छोटा तुला बरं दिसतं तेवढंच दाखवेल. कडेचे तारे बघितल्याशिवाय सेन्सरला दोष देऊ नकोस.' पुढे तुझी सही. सूर आवडला नाही, पण सल्ला मागितला होता, तेव्हा अमलात आणणं भाग होतं. दुकानदार ओळखीचा आहे. त्याने दोन्ही कॅमेरे आठ दिवस वापरायला दिले.

छोट्यात तारे ठीक. मोठ्यात मधले तारे मोहरीएवढे, जरा मऊ. कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटलेल्या, आणि सगळ्या शेपट्या बाहेरच्या अंगाला. मग त्याच कॅमेऱ्याला दुकानदाराचं दुसरं भिंग लावून पाहिलं. तारे कडेपर्यंत गोल. म्हणजे सेन्सर सुटला. इथपर्यंतचं तुझं बरोबर, हे नोंदवून ठेवतो.

मंगळवारी दिवेलागणीला हॉटेलवाले एका निवृत्त प्राध्यापकांना घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर प्रकाशशास्त्र शिकवलं. माल पारखायला आणले होते, त्यात गैर काही नाही. त्यांनी मोठ्या दुर्बिणीत एक ठळक तारा धरला, फोकसच्या थोडा आत घेतला, थोडा बाहेर घेतला, ताऱ्याभोवती दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्या दोन्हीकडे जुळतात का ते पाहत राहिले. मग म्हणाले, "ज्याने हा आरसा पुरा केला, त्याचा हात बघू." मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि सोडला.

नंतर त्यांचं लक्ष पडद्यावरच्या शेपट्यांकडे गेलं. "आणि हे? हेही त्याच हाताचं?"

भिंग बाजारचं आहे, असं मी सांगितलं. ते खरंच आहे.

वहिनीने गच्चीच्या कामासाठी गवंडी बघून ठेवला आहे. तिच्याकडून तुला आठवण.

तुझा थोरला भाऊ

---

२७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत फाइंडर खोलला. भिंग धरणारी पुढची कडी गच्च बसली होती, तेल सोडून थांबावं लागलं. भिंग रुमालावर काढून घेतलं. काठावर पेन्सिलीचा बाण आहे आणि बाणाच्या टोकाशी बारीक अक्षरांत 'वर'. अक्षर तुझं. बाण डोळ्याकडे होता. भिंगाची फुगीर बाजू आकाशाकडे हवी. तिकडे मी सपाट ठेवली होती. पलटून बसवलं, कडी आवळली. घड्याळ लावलं होतं. तेल मुरण्यासकट पंधरा मिनिटं.

सव्वीस वर्षं ते तसंच होतं. डोळ्याने बघताना भागून जायचं. डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही.

खुणेचं मला माहीत नव्हतं असं नाही. मोडक्या दुर्बिणीतून तू भिंग काढलंस आणि खूण केलीस, तेव्हा मी शेजारीच होतो. बसवताना माझ्या हातून उलटं गेलं, ती चूक, कोणाचीही होते. तू सांगितल्यावरही उघडून पाहिलं नाही, त्याला चूक म्हणता येत नाही. उघडलं असतं तर दिसलं असतं, म्हणून उघडलं नाही.

तो दिवस लिहून टाकतो, कारण आपण दोघांनीही तो कधी बोलून दाखवला नाही. गच्चीवर माझे चार मित्र होते. तू अक्षाचे बोल्ट आवळत होतीस. फाइंडरमधून बघून तू म्हणालीस, "दादा, भिंग उलटं बसलंय." मी म्हणालो, "ज्याने आरसा केला त्याला भिंग कळतं." मित्र हसले. तू हातातला पाना कठड्यावर ठेवलास, बारा-तेराचा, आणि जिना उतरलीस. त्यानंतर गच्चीवर आली नाहीस. तुझ्या लग्नात सगळ्यांचे फोटो गच्चीवर काढले, तुझे अंगणात.

त्या वाक्यातली खोट चौघांना माहीत नव्हती. तुला होती आणि मला होती.

म्हणून आता आरसा. घासला मी, त्याबद्दल शंका नको; पॉलिशही बरंचसं मी केलं. पण घासून आरसा होत नाही, शेवटच्या हाताने होतो. केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी काच नेमकी कुठली उतरवायची, ते कळावं लागतं. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा कड बिघडवली. मग मला कावीळ झाली आणि सात आठवडे खाटेवर गेले. उठलो तेव्हा आरसा झालेला होता. मागच्या खोलीत आरशाचा आकार तपासायला एक ब्लेड, एक बल्ब आणि वहीभर आकडे घेऊन तू तो पुरा केला होतास. एकोणीस वर्षांची होतीस. मी तपासला. चूक सापडली नाही. खूप शोधली.

पुढे प्रदर्शनात कोणीतरी विचारलं, आरसा कोणी केला. मी म्हणालो, मी. तू शेजारी फडकं घेऊन उभी होतीस. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं, दुसऱ्यांदा गेलं नाही. नंतर माझाच विश्वास बसला. काविळीचे सात आठवडे मी काढूनच टाकले. नऊ महिने सलग माझे धरले. या महिन्याच्या चार तारखेला तुला, प्रत्यक्ष तुला, यादी पाठवली, तेव्हाही हात अडला नाही. तू उत्तरात त्या ओळीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. कडेचे तारे बघ, एवढंच लिहिलंस.

शुक्रवारी हॉटेलात जाऊन मालकांना सांगितलं की यादीतली पहिली ओळ चुकीची आहे. पाटीवर दोन नावं येतील, बहिणीचं आधी. ते वाईट माणूस नाहीत. मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "अहो, कोणाला कळणार आहे? बहीण-भावाने मिळून केली म्हटलं की ती घरगुती वस्तू होते. एकट्याने केली म्हटलं की माणूस डोंगर चढून बघायला येतो." धंद्याच्या दृष्टीने बरोबर असावं. प्राध्यापकांना कळलेलं आहे, असं मी म्हटलं. ते काही बोलणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तेही बरोबर असावं. मी कोरी पाटी पिशवीत घालून परत आलो.

वहिनीला सगळं सांगितलं, काविळीपासून. मी भांडणाच्या तयारीने बसलो होतो. तिने ओटा पुसून घेतला आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

धाकटीने सांगितलं का, असं मी विचारलं.

"वन्संनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही नळी पुसताना शीळ घालता, खांब रंगवताना घालता. आरसा पुसताना कधी घातली नाहीत."

मग तिने गच्चीचं विचारलं. बोल्टांची भोकं मी स्वतः बुजवीन, असं कबूल केलं. "तेही यादीत घाला," म्हणाली. गवंड्याला येऊ नको असा निरोप तिनेच धाडला.

कॅमेरा मोठाच घेतला. कडेचे तारे आता गोल आहेत. अगदी कोपऱ्यातले किंचित ओढलेले दिसतात, ते भिंगाचं वय. साडेसहा चंद्र नीट मावतात. पडदा टेबलावर आहे, खुर्चीतून दिसतो, पट्टा काढावा लागत नाही.

राहिली आरशाची पाठ. तिथे मी हिऱ्याच्या पेन्सिलीने माझं नाव कोरलेलं आहे. काच असल्यामुळे खोडता येत नाही. त्याच्या वरच्या अंगाला दोन बोटं जागा आहे. तिथे तुझं नाव मी कोरलेलं नाही. तुझ्या कामाला तुला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे. पेन्सिल आणि बारा-तेराचा पाना एकाच डब्यात ठेवले आहेत. गच्चीवर खुर्च्या दोन आहेत.

यादीची पहिली ओळ अशी वाच: आरसा, आठ इंची, घासाई दादाची, आरसा धाकटीचा. बाकीच्या ओळी तपासल्या. त्या बरोबर आहेत.

ज्याला भिंग कळत नव्हतं तो,
दादा

ता.क. वहिनी म्हणते, आकडा लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धवट आहे, वन्संना कळू दे. दुर्बीण, खांब आणि एका नावाची पाटी, असं मिळून मालकांनी मागितलं होतं. मी नको म्हटलं. चार लाख दहा हजार.