नाताळला मागितलेलं केळं

प्रिय रेजिना,

परवा तू गेल्याला वर्ष झालं, त्या मिस्सेला सगळं चर्च रडलं आणि मी मात्र जळत होते. हे कुणाला सांगायचं? म्हणून तुलाच लिहितेय. माझ्या जळण्याची सवय आहे तुला.

मिस्सा संपल्यावर बोळिंजच्या तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या बायका आवारात आयभोवती जमल्या. "मॅडमनी तुम्हाला कसं समजावलं होतं, सांगा ना!" आणि आपली आय, जी माझा छापून आलेला लेख पसरून त्यावर बोंबील निवडायची, ती पदर सावरून शिकवायला लागली! तुझ्याच शब्दांत, तुझ्याच हातवाऱ्यांसकट.

आठवतो तो दिवस? सांडोरच्या आपल्या पडवीत तू कॉम्प्युटर आणून मांडलास. आय शेजारी बसून सुकेळ्यांसाठी पिकलेली राजेळी केळी सोलत होती. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि हलेचना.

"झोपला काय गं हा? मंद मशीन गळ्यात मारलं तुझ्या."

तू तिच्यासमोर फतकल मारून बसलीस. "मंद नाय, आय. तो तुझ्यासारखा आहे. समज, तू एका सेकंदाला एक केळं सोलतेस."

"एका सेकंदाला? मी काय माकड आहे?"

"समज गं! समोरच्या ताटातलं केळं उचलायला दोन-तीन सेकंद. ताट संपलं की आतल्या खोलीतून टोपली आणायची, त्याला दोन मिनिटं. ती त्याची मेमरी. टोपलीतही नसलं तर वाडीतून मागवायचं. ती हार्ड डिस्क. पण वाडी अशी, की नाताळला मागितलेलं केळं ईस्टरला हातात पडतं."

"आणि तवर मी काय करू?"

"बसून राहायचं. बघणारा म्हणणार, बाई झोपली!"

"आणि ती चपटी चकती घालतेस ती?"

"फ्लॉपी? तिच्याकडे मागितलंस तर केळं येईपर्यंत आज जन्मलेलं पोर शाळेत जाईल."

आय इतकी हसली की हातातलं केळं खाली पडलं. खरं तर हा सगळा खेळ पापणी लवेपर्यंत होऊन जातो. तू तो ताणून ताणून आपल्या मापाचा केलास, एवढंच. पण मी दारात उभी राहून आयचं ते हसणं बघत होते. माझ्या कुठल्या ओळीवर ती अशी हसली होती? लिहिणारी मी, शब्द माझे, आणि आयला जिंकलंस तू? तेही केळी घेऊन!

तू गेलीस, तरी हे संपलं नाही. उलट वाढलं. जिवंत बहिणीशी निदान भांडता येतं गं. तुझ्याशी कशी भांडू? तू आता चुकतही नाहीस!

परवा घरी आल्यावर राहवलं नाही. विचारलंच, "आय, रेजिनाचं एवढं सगळं आठवतं तुला. माझं काय आठवतं?"

आयने भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "भात घे."

भात घे! त्या रात्री मी तुझ्या फोटोकडे पाठ करून झोपले. हस आता.

आज सकाळी दोघी वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होतो. आय मध्येच थांबली.

"तू रात्री माळ घेऊन तेर्स म्हणताना झोपायचीस. कपाळ भिंतीला टेकवून. आणि झोपेतच 'आमेन' म्हणायचीस, सगळ्यांच्या आधी. तुझा बाप प्रार्थना सोडून हसायचा."

मी हातातलं पान धरूनच विचारलं, "मग परवा का नाय सांगितलंस?"

"परवा आठवलं नाय. रेजिनाचं रोज कोणीतरी विचारतं, ते समोरच असतं. तुझं कोण विचारतं, बाय? तू तर इथेच आहेस."

मी पान ओढत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

वर आय म्हणाली, "आणि तुला जागी करायला रेजिना चिमटे काढायची."

म्हणजे तिथेही तू! एवढ्या लांबून माझ्या वाट्याची एक आठवण आली, तर तिच्यातही येऊन बसलीस? थोडी तरी लाज!

एक वचन देते तुला. आयला मी विचारत राहीन, तुझंही आणि माझंही, आणि तिचं उत्तर येईपर्यंत तिच्याजवळून उठणार नाही. पण तुझ्यावर जळणं सोडीन, असं मात्र म्हणणार नाही. जळते तोवर आपण दोघी बहिणी आहोत. नुसती रडले असते, तर तू केव्हाच फक्त फोटो झाली असतीस.

तुझ्या चिमट्यांची धनी,
सेलिन