मागच्या सीटवरचं वजन

अंबरनाथ (पूर्व),
१५ नोव्हेंबर १९८९

प्रिय हेमचंद्र,

उद्या पोस्टातल्या बाई पाकिटावरचा पत्ता वाचून माझ्याकडे एकदा बघतील. एका स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राला कोणी पत्र टाकतं का? पण तोंडाने सांगायला आलो तर तू हसशील, तुझं बघून मीही हसेन आणि सगळं पुन्हा पोटात राहील. शिवाय तुझ्या अंगणात आलं की गाडीखालून त्या श्यामकांतचे पाय बाहेर आलेले दिसणार, आणि त्या पायांसमोर मला हे बोलायचं नाही. स्पष्टच लिहितो. मला त्या मुलाचा मत्सर वाटतो. पंचेचाळिशी उलटलेल्या, दोन मुलींच्या बापाने मित्राच्या मित्राचा मत्सर करावा, याची लाज वाटते. पण वाटतो तो वाटतोच.

कल्याणच्या डॉक्टरांकडून तू हेराल्ड घेतलीस तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं? मी होतो. बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढे कलतं आणि इंजिन उघडं पडतं, ते बघून आपण दोघं शाळकरी पोरांसारखे हरखलो होतो. पुढे तू तिच्यात काय काय केलंस. इंजिनचं हेड घासून घेतलंस, दुसरा कार्ब्युरेटर बसवलास, सायलेन्सर बदललास. गाडी पळायला लागली, पण तिचं मागचं अंग होतं तसंच राहिलं. दोन्ही चाकं स्प्रिंगच्या आडव्या एकाच पाट्याला लटकलेली. गाडी रिकामी असली आणि तू वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की मागची चाकं पोटात जायची आणि गाडीची शेपटी उचलून बाजूला सरकायची. बारवी धरणाच्या रस्त्यावर ती एकदा गरकन फिरली आणि बदलापूरकडे तोंड करून उभी राहिली. तू म्हणालास की मागे वजन पाहिजे. आधी वाळूची पोती ठेवून पाहिलीस. ती फाटली, आणि वाळू मालिनीवहिनींच्या लग्नातल्या शालूपर्यंत पोचली. वहिनींना तशीही गाडी लागते, त्यानंतर त्यांनी तिच्यात पाऊलच टाकलं नाही. तेव्हा तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि मागचं दार उघडलंस.

तेव्हापासून दर रविवारी मी मागे. तेही खिडकीशी नाही, मधोमध, कारण एका बाजूला बसलो की गाडी कलते. गुडघे दोन सीटांच्या फटीत आणि मांडीवर तुझ्या उमावहिनीने दिलेला थर्मास. वळणावर मी घरंगळू नये म्हणून उल्हासनगरच्या भंगारातून जुन्या बसची पितळी मूठ शोधून आणलीस आणि तुझ्या सीटच्या पाठीला माझ्यासाठी बसवलीस. धरणाजवळच्या चहाच्या टपरीवरचा भगवंत मलाच गाडीचा मालक समजायचा. तू पुढे, मी मागे, मग दुसरं काय समजणार तो? त्याचं ते बायकोला सांगणं अजून कानात आहे. “पयला च्या शेटला दे गो, डायवर काय पलून नाय जात.” तू माझ्यानंतर चहा घ्यायचास आणि पैसेही शेठकडे मागायचास. आपण त्याला खरं काय ते कधीच सांगितलं नाही.

एकदा परतताना मी म्हटलं होतं की इतकी वर्षं फिरतोय पण बारवीचं पाणी काही मी धड पाहिलेलं नाही, तुझी मान तेवढी पाठ झाली आहे. तू हसलास. मग थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, “तू मागे असलास की मला मागची काळजी नसते.” तू ते गाडीबद्दल बोलत होतास हे मला समजत होतं. तरी घरी येऊन उमाला ते वाक्य मी सांगितलं, दोनदा सांगितलं.

आणि मग तुझ्या कारखान्यात हा श्यामकांत रुजू झाला. बारीक चणीचा, परदेशी मासिकं वाचणारा, तुला सरळ नावाने हाक मारणारा आणि मला मात्र काका म्हणणारा. तू आणि मी एका वर्गात होतो हे त्याला कोणी सांगितलं नाही का? आल्या आल्या त्याने निकाल दिला की हेराल्डचं मागचं सगळं काढून टाकायचं आणि तिथे गॅझेल गाडीचा अख्खा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, बसवायचा. गॅझेल ही हेराल्डचीच धाकटी बहीण, पण तिला मागे सरळ एक्सल आणि दोन्ही बाजूंना लांब पाटे. मग वळणावर चाकं पोटात जायचा प्रश्नच नाही, मागे वजनही नको. हे त्याने माझ्या देखत, माझ्याच थर्मासमधला चहा पिताना सांगितलं. तू डोळे मोठे करून ऐकत होतास. माझ्या कुठल्याही बोलण्यावर तुझे डोळे तसे मोठे झालेले मला आठवत नाहीत.

तो एक्सल आणायला तुम्ही दोघंच गेलात. मला ते कळलं कसं, ते तुला माहीत नाही. आमच्या फाटकाची बिजागरी तुटली म्हणून मी उल्हासनगरला आपल्या त्या सिंधी साईंच्या भंगारात गेलो होतो. साईं मला बघून म्हणाले, “आपका दोस्त आया था, साथ में एक पतला लडका. पूरा एक्सल ले गया, बहुत खुश था.” मी बिजागरी न घेताच परत आलो. फाटक अजून दोरीने बांधलेलं आहे. दहा वर्षं त्या भंगारात तुझ्याबरोबर हात काळे केले ते मी, आणि तिथली सगळ्यात मोठी वस्तू उचलायला तो पतला लडका. एक्सलचं एक टोक त्याला पेललं तरी कसं, हाच विचार मी घरापर्यंत करत होतो.

आणि एवढं झाल्यावर तू आराखडा काढायला माझ्याकडे आलास. हेराल्डच्या चासीला लांब पाटे अडकवायला जागाच नव्हती. पुढच्या टोकाला ब्रॅकेट हवे होते, मागच्या टोकाला शॅकलची झुलती कडी टांगायची सोय हवी होती. श्यामकांतने घेतलेली मापं मी पाहिली. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळणारी, आणि त्या अवस्थेत हा टेप लावून मोकळा. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, गाडी हवेत चालणार आहे का? चाकांवर उभी करा, मागे वजन घाला आणि मग मोजा. वजन म्हणजे कोण, ते विचारावं लागलं नाही. मी आत मधोमध बसलो, पितळी मूठ धरली. सीटच्या खालून त्याचा आवाज आला की काका, हलू नका. मी हललो नाही. पण तिथे मी शेवटचा बसलोय हे त्या क्षणी मला समजलं, आणि तू बाहेर उभा राहून त्याच्याशी बोलत होतास.

आराखडा मी मन लावून काढला. ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून साहेबांसाठीही इतक्या रेखीव रेघा मारल्या नसतील. वाईट काढता आलं असतं असा विचारही मनात आला नाही, कारण त्या गाडीत तू बसणार होतास. पण ट्रेसिंगवर शेवटचं माप लिहिताना वाटलं की स्वतःच्या हकालपट्टीचा हुकूम मी स्वतःच शाईने लिहितोय. आणि नेमकी पहिली चक्कर तुम्ही मारलीत तेव्हा मी पालेगावच्या रस्त्याला भाजी घेत होतो. हेराल्ड समोरून आली. श्यामकांत पुढे, कोपर खिडकीबाहेर. मागची सीट रिकामी. वळणावर तू पाय काढलास, आवाजावरून मला कळलं. मागचं एकही चाक पोटात गेलं नाही. ब्रॅकेट माझे, वळण माझ्या ओळखीचं, मित्र माझा, आणि मी हातात मेथीची जुडी धरून रस्त्याच्या कडेला. त्यानंतर तू दर रविवारी बोलावत राहिलास आणि मी कधी पाठ दुखते म्हटलं, कधी पाहुणे आहेत म्हटलं.

गेल्या रविवारी तू आलास तेव्हा मी आंघोळीला गेलो नव्हतो. उमाला मी तसं सांगायला लावलं होतं. पडद्याआडून मी तुला बघत होतो. तू तिला किल्ली दिलीस, काहीतरी बोललास आणि गाडी फाटकाशी तशीच सोडून स्टेशनच्या रस्त्याने चालत निघालास. मला गाडी चालवता येत नाही हे माहीत असून. सोमवारी मी तिच्याकडे बघितलं नाही. मंगळवारी कामावरून येताना वाटेत आडवी आली म्हणून जरा पुढचं डावं दार उघडलं. डावी सीट चार बोटं मागे सरकलेली होती. गाडीच्या तळात नवी भोकं पाडून सीटच्या पट्ट्या मागे नेलेल्या, जुनी भोकं बुजवलेली. सीटच्या खाली नवा लोखंडी अँगल, माझ्यासारख्या माणसाने बसलं तरी वाकणार नाही असा. आणि समोर डॅशबोर्डवर, डाव्या हाताला बरोबर पोचेल अशी, माझी पितळी मूठ. मी बसून पाहिलं. गुडघे कुठेच लागले नाहीत.

घरात येऊन उमाला विचारलं की हेमचंद्र किल्ली देताना काय म्हणाला. ती म्हणाली, “तुम्ही विचारलंच नाहीत. ते म्हणाले, माझी मान बघून कंटाळलोय असं दिनानाथ म्हणाला होता, म्हणून तर एवढा उद्योग केला.” हेमचंद्रा, हे तू आधी सांगायला तुला काय झालं होतं? आणि मी विचारायला मला काय झालं होतं, हे तू विचारू नकोस.

तर पत्राचं कारण असं की येत्या रविवारी मी तुझ्याबरोबर येतोय. सकाळी लोकलने ये, किल्ली उमाकडे आहे, थर्मास भरलेला असेल. मी फाटकाशी उभा राहीन आणि पुढे बसेन. बारवीचं पाणी समोरून कसं दिसतं ते मला बघायचं आहे. श्यामकांतला आणायचं असेल तर आण. मत्सर गेला असं समजू नकोस, तो आहे, फक्त आता त्याला मागच्या सीटवर बसवता येईल. भगवंताला मात्र उतरल्या उतरल्या सांगावं लागेल की शेठ मीच आहे, नाहीतर पहिला चहा त्या पोराला जायचा. आणि श्यामकांतला आधीच बजावून ठेव की मागे मधोमध बसायचं, खिडकीशी नाही. आता त्याची काही गरज उरलेली नाही हे मला माहीत आहे, आराखडा मीच काढला आहे. तरी सांग.

तुझाच,
दिनानाथ